यासोनाचा जामीन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परिसरातील काही धर्मग्रामांनी मिळून शासनाकडे पाठवावयाचे एक निवेदन तयार केले. विषय अर्थातच अमली पदार्थांचा. त्यात चार मागण्या होत्या. शाळा-महाविद्यालयांच्या आसपास पोलिसांची गस्त असावी, टपऱ्यांची नियमित तपासणी व्हावी आणि व्यसनमुक्ती केंद्रासाठी शासनाने जागा द्यावी, या पहिल्या तीन मागण्यांबद्दल दुमत असण्याचे कारणच नव्हते. चौथी मागणी अशी होती की, अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या कोणाही इसमास जामीन देण्यात येऊ नये. या चौथ्या मागणीखाली आम्ही सही केली नाही. तेव्हापासून मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात जी कुजबुज चालते ती आमच्या कानांवर येत असते. फादर मवाळ आहेत, फादरांना मुले नाहीत म्हणून त्यांना बापाचे दुःख कळत नाही, फादर शहरी वकिलांच्या नादी लागले आहेत, असे बरेच काही. कुजबुजीला उत्तर देता येत नाही. लेखी उत्तर देता येते, आणि ते या त्रैमासिकाच्या पानांतून देणे आम्हाला योग्य वाटते.

आधी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगून टाकतो, म्हणजे तिच्यावरून कोणी फाटे फोडणार नाही. अमली पदार्थांबद्दल आमच्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही. आम्ही धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत होतो त्या काळात, ऐंशीच्या दशकात, मुंबईच्या गल्लीबोळांतून ‘गर्द’ नावाची तपकिरी भुकटी पसरली. चांगल्या घरांतली मुले आईच्या अंगावरचे डाग विकू लागली. त्याच दशकात, १९८१ साली, वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा’ संस्था उभी केली, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले. आज गर्दची जागा मेफेड्रोनने, मुलांच्या भाषेत ‘एमडी’ने, घेतली आहे. या विषाने गेलेल्या तरुणांच्या अंत्यविधीचे पौरोहित्य आम्ही केले आहे आणि त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांना डोळा भिडवणे काय असते हे आम्ही जाणतो. १९९२ च्या धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात ख्रिस्तसभेने या पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध मानला आहे, त्यांच्या व्यापाराचा तर धिक्कारच केला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या जूनमध्ये रोममध्ये अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांच्या परिषदेपुढे बोलताना, सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या पदार्थांनाही कायदेशीर मान्यता देण्यास स्पष्ट नकार दिला होता. आमचे म्हणणे याहून वेगळे नाही.

प्रश्न विषाचा नाही. ते विष ज्याच्यापाशी सापडले असे पोलीस म्हणतात, त्या माणसाचा आहे.

‘असे पोलीस म्हणतात’ हे तीन शब्द आम्ही मुद्दाम घातले. आपल्याकडे अटक झाली की माणूस गुन्हेगार ठरतो आणि ‘जामिनावर सुटका’ अशी बातमी आली की तो सुटला, असे समजले जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. खटला संपेपर्यंत आरोपी बोलावू तेव्हा हजर राहील, पळणार नाही, साक्षीदारांना धमकावणार नाही, याची हमी घेऊन त्याला घरी राहू देणे म्हणजे जामीन. पुढे दोष सिद्ध झाला तर तो शिक्षा भोगावयास जातोच. जामीन नाकारला आणि पुढे दोष सिद्ध झाला नाही, तर मात्र गेलेली वर्षे परत करण्याची सोय कोणत्याही न्यायालयापाशी नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ या आशयाचे जे सूत्र मांडले, त्याच्या मागे हाच साधा हिशेब आहे.

अमली पदार्थांच्या कायद्याने हे सूत्र उलटे केले. हा कायदा १९८५ चा. १९८९ साली त्यातील ३७ वे कलम बदलून जामिनाला दोन अटी जोडण्यात आल्या. सरकारी वकिलाने विरोध केल्यास न्यायाधीशाने दोन गोष्टींबद्दल आपले समाधान करून घ्यावयाचे: एक, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, आणि दोन, जामिनावर असताना तो कोणताही गुन्हा करण्याचा संभव नाही.

वाचकांनी क्षणभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून पाहावे. साक्षीदार एकही तपासलेला नाही. उलटतपासणी झालेली नाही. हाती आहेत ते पोलिसांचे कागद. आणि तेवढ्यावरून ठरवावयाचे की हा मनुष्य दोषी नाही. हे जर आजच ठरवता येत असेल तर खटला चालवावयाचा कशासाठी? आणि ठरवता येत नसेल तर अट पुरी व्हावयाची कशी? दुसरी अट तर त्याहून अजब. पुढे कोणताही गुन्हा करणार नाही, म्हणजे अमली पदार्थांचाच नव्हे, कोणताही. असे भविष्य जुन्या करारातील संदेष्ट्यांनीही कोणा माणसाबद्दल वर्तवल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि आम्ही तर कन्फेशनच्या खुर्चीत तीन दशके बसलो आहोत.

न्यायाच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की २००१ साली या कायद्यात सुधारणा होऊन पदार्थांच्या वजनाप्रमाणे तीन पायऱ्या पाडण्यात आल्या: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि त्या दोहोंमधले. गांजाचे एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोपासून व्यापारी; हेरॉईनचे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम; मेफेड्रोनचे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. ३७ व्या कलमाच्या जाचक अटी आता मुख्यतः व्यापारी प्रमाणाला आणि पैसा पुरवण्यासारख्या काही मोजक्या गुन्ह्यांना लागू आहेत. म्हणजेच आमच्या निवेदनाची चौथी मागणी प्रत्यक्ष कायद्यापेक्षाही कडक होती. खिशात गांजाची एक पुडी सापडलेल्या अठरा वर्षांच्या पोराला संसदेने ज्या अटींतून वगळले, त्याच अटींच्या पलीकडे, जामीनच नको अशा भिंतीआड, आमचे धर्मग्रामस्थ त्याला टाकावयास निघाले होते. निवेदन लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसावे असे आम्ही धरून चालतो.

पण वजनाच्या या तराजूतही एक गोम आहे, आणि ती सांगण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. रस्त्यावर विकली जाणारी भुकटी शुद्ध कधीच नसते. तिच्यात हेरॉईनचा अंश थोडा आणि भेसळ जास्त. मग वजन कशाचे धरावयाचे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शुद्ध अंशाचेच धरावे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याचे ठरवले, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने संपूर्ण मिश्रणाचेच वजन धरावे यावर शिक्कामोर्तब केले. आता पाहा. एखाद्यापाशी दोनशे चाळीस ग्रॅम शुद्ध हेरॉईन सापडले, तर ते अडीचशेच्या आत म्हणून ३७ वे कलम त्याला लागत नाही. दुसऱ्यापाशी दोनशे साठ ग्रॅम भेसळीची पूड सापडली, तिच्यात हेरॉईन शेकडा पाच, म्हणजे तेरा ग्रॅम. तर तो व्यापारी प्रमाणाचा आरोपी, आणि त्याला जामीन जवळजवळ अशक्य. शुद्ध माल कोणापाशी असतो? जो साखळीच्या वरच्या टोकाला असतो त्याच्यापाशी. भेसळीची पूड वाहून नेणारा असतो तो बहुधा स्वतःच व्यसनी झालेला, रोजच्या डोसासाठी राबणारा हमाल. निवेदन लिहिणाऱ्यांना ज्यांचा राग आहे ते बडे मासे जाळ्याच्या बाहेर राहतात आणि जाळे भरते ते मांदेलीने.

बरे, हाती लागलेला मनुष्य दोषीच आहे असे तरी कशावरून? या कायद्यात वस्तू ताब्यात सापडली की मन दोषी होते असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर. एवढे जड ओझे ठेवावयाचे तर झडती, जप्ती, नमुने यांची व्यवस्था निर्मळ असावयास हवी, आणि कायद्यात तसे नियम आहेतही. अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यापुढे झडती घ्या असे म्हणण्याचा तुला हक्क आहे, हे आरोपीला सांगितले पाहिजे. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले पाहिजेत. पण हे नियम पाळले गेले की नाही हे केव्हा तपासले जाते? खटल्यात. आणि खटला केव्हा चालतो? त्याची वाट पाहत आरोपी तुरुंगात बसलेला असतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमृतसरच्या विमानतळावर एका अफगाण प्रवाशाला द्राक्षांच्या खोक्यात हेरॉईन लपवून आणल्याच्या आरोपावरून पकडले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, म्हणजे जवळपास अकरा वर्षांनी, त्याला निर्दोष सोडले, कारण जप्त केलेला माल कसा हाताळला गेला याबद्दलच न्यायालयाची खात्री पटली नाही. अधिकाऱ्यांपुढे दिलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाहीत हे ठरावयास तर २०२० चा ऑक्टोबर उजाडावा लागला. तोपर्यंतची पस्तीस वर्षे अशा कबुलीजबाबांच्या आधारे लोक शिक्षा भोगून आले.

आता विलंबाकडे येतो, कारण खरे दुखणे तेथेच आहे. नेहमीच्या गंभीर गुन्ह्यात पोलिसांना आरोपपत्रासाठी जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळतात. येथे व्यापारी प्रमाण असेल तर एकशे ऐंशी, आणि न्यायालयाच्या परवानगीने वर्षभर. त्यानंतर खटल्याची रांग. १९९४ सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता, आणि विशेष म्हणजे तो महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबईत, तुंबलेल्या खटल्यांच्या संदर्भात आला होता. किमान दहा वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ज्याने पाच वर्षे कच्च्या कैदेत काढली असतील त्याला सोडा, असे न्यायालयाने सांगितले. मात्र एक लाख रुपयांचा जामीन आणि दोन जामीनदार घेऊन. १९९४ सालचे एक लाख! पाच वर्षे कमाई बंद असलेल्या माणसाने ते आणावयाचे कोठून, हा प्रश्न आमच्यासारख्या अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही पडतो. २०१३ साली त्याच न्यायालयापुढे असा एक आरोपी आला, की ज्याने याच कायद्याखाली खटला सुरू होण्याची वाट पाहत बारा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्याच्या गुन्ह्याला कमाल शिक्षा होती वीस वर्षांची. वाचकहो, बारा वर्षे म्हणजे बाप्तिस्मा झालेले मूल सातवीत जाते.

२०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर, आणि इतरांना निम्मा काळ काढल्यावर, सोडण्याची तरतूद आहे. ऐकावयास बरी वाटते. पण व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा वीस वर्षे. एक तृतीयांश म्हणजे सहा वर्षे आठ महिने. निम्मा म्हणजे दहा वर्षे. दोष सिद्ध झाल्यावर जी किमान शिक्षा व्हावयाची, तेवढीच दोष सिद्ध होण्यापूर्वी भोगावयाची, आणि याला सवलत म्हणावयाचे!

आमच्या विरोधकांचा सर्वांत भारदस्त युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे, आणि तो आम्ही लपवणार नाही. तो खुद्द सर्वोच्च न्यायालयाचा आहे. १९९९ मध्ये एका आरोपीचा जामीन रद्द करताना न्यायालय म्हणाले की खुनी एक-दोघांचा जीव घेतो, पण अमली पदार्थांचा व्यापारी असंख्य निष्पाप तरुणांच्या मृत्यूला कारण होतो. आणि असे लोक सुटले तर धंदा चोरून पुन्हा चालू करतात. २०२२ मध्येही न्यायालयाने बजावले की केवळ बराच काळ तुरुंगात काढला म्हणून जामीन मिळू शकत नाही. या म्हणण्यातील दुःख खरे आहे. पण युक्तिवादाचा सांधा तपासून पाहा. ‘अमली पदार्थांचा व्यापारी’ कोण, हे ठरावयाचे आहे, आणि ते ठरण्यापूर्वीच त्याला व्यापारी म्हणून त्याचा जामीन नाकारावयाचा. गुन्हा जेवढा भयंकर तेवढा आरोप खरा, असे कोठे असते? उलट, आरोप जेवढा भयंकर, तेवढे चुकीच्या माणसावर तो लादण्याचे पाप मोठे. सुटलेले काही जण पुन्हा धंदा करतात हेही खरे. त्यांच्यासाठी जामीन रद्द करण्याची तरतूद आहे, पोलीस ठाण्यात हजेरीची अट आहे, पारपत्र जमा करण्याची अट आहे. या अटी पाळल्या जातात की नाही ते पाहणे हे पोलिसांचे काम. ते कंटाळवाणे आहे म्हणून दहा जणांना आत ठेवावे, हा न्याय नव्हे, सोय आहे.

आणि न्यायालयाचाही आवाज एकसुरी नाही. २०२३ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठापुढे गांजाच्या प्रकरणातला एक आरोपी आला. तो मालासह पकडला गेलेला नव्हता. दुसऱ्या आरोपीच्या सांगण्यावरून त्याचे नाव आले होते. अटकेच्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, आणि सात वर्षांहून अधिक काळ आत होता. न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि म्हटले की ३७ व्या कलमाच्या अटी अक्षरशः वाचल्या तर जामीन कोणालाच मिळणार नाही. म्हणून प्रथमदर्शनी पुरावा पाहून त्यांचा अर्थ लावावा लागेल. तुरुंगवासाने गरिबाची रोजी जाते, कुटुंब विखुरते, याचाही त्या निकालपत्रात उल्लेख आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ओडिशातील अशाच एका प्रकरणात, प्रदीर्घ कच्ची कैद ही मूलभूत हक्काला बाधक असल्याने अशा वेळी ३७ व्या कलमाची अट आड येऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आम्ही जे म्हणतो ते शहरी वकिलांनी आमच्या कानांत सांगितलेले नाही.

तुरुंगात आहे तरी कोण? २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. त्यांत धनिक किती असतील याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका विख्यात चित्रपट अभिनेत्याच्या मुलाला मुंबईत अटक झाली. त्याच्यापाशी काही सापडले नव्हते. देशातील नामांकित वकील उभे राहिले, तरीही त्याला जवळपास चार आठवडे आत काढावे लागले, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. त्या मुलाबद्दल आमच्या घराघरांतून हळहळ व्यक्त झाली. आम्हीही ती ऐकली. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मुलासाठी जी कणव आपल्याला येते, ती शेजारच्या आळीतल्या मुलासाठी का आटते?

शेजारच्या आळीतल्या मुलाची गोष्ट आहे म्हणून सांगतो; नाव-गाव सांगणार नाही. टेम्पो चालवणारा मुलगा. टेम्पोत पोते सापडले. पोते कोणाचे, त्याला ठाऊक होते की नव्हते, हे खटल्यात ठरेल. आम्हाला ते माहीत नाही आणि आम्ही त्याचे वकीलही नाही. दोन वर्षांनी उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. त्यानंतरही तो पाच आठवडे तुरुंगातच होता, कारण दोन ऐपतदार जामीनदार हवे होते. ऐपतीचा दाखला, सातबारा, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती. ज्या धर्मग्रामात वाडी नाही असे घर शोधावे लागते, तेथे त्याच्या आईला पाच आठवड्यांत एक सातबारा मिळाला नाही. ‘उद्या पळाला तर?’ असे प्रत्येक ओटीवर तिला विचारण्यात आले. शेवटी जामीन राहिले ते त्याच्या कामावरचे मुकादम आणि त्यांचा भाऊ. दोघेही आपल्या समाजाचे नव्हेत.

गरिबाला जामीनदार मिळत नाही, हे शासनालाही कळते. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दहा हजारांची हमी मागितली गेली आणि त्याच्या भावाची हमी, तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून, नाकारली गेली, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या न्यायालयाचे चांगलेच कान उपटले होते. केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी एक योजना काढली. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत. स्तुत्य योजना. फक्त तिच्यातून अमली पदार्थांच्या कायद्याखालील आरोपी वगळले आहेत. न्यायालयाने ज्याला घरी जाण्यास योग्य ठरवले, त्याला शासनाची दया अयोग्य ठरवते.

आता आपल्या श्रद्धेच्या अंगणात येऊ. निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हाला बायबलचाच दाखला दिला: नीतिसूत्रांत परक्यासाठी जामीन राहू नको असे सांगितले आहे ना, फादर? सांगितले आहे खरे. ते व्यवहाराचे शहाणपण आहे आणि कर्जाच्या जामिनाबद्दल ते आजही लागू आहे; पतपेढीच्या कागदावर डोळे मिटून सही करू नये. पण त्याच बायबलमध्ये बेन सिरा याच्या ग्रंथाचा एकोणतिसावा अध्याय आहे. त्यात जामिनापायी धुळीस मिळालेल्या घरांबद्दल सावधगिरीची सूचना आहे, आणि तरीही सज्जन मनुष्य शेजाऱ्यासाठी जामीन राहतो, असेही म्हटले आहे. दोन्ही एकत्र वाचावयास हवे.

आणि प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा. सतराव्या अध्यायात थेस्सलनीका येथे संत पौलाच्या नावाने दंगा झाला. पौल सापडला नाही तेव्हा जमावाने त्याचा यजमान यासोन याला अधिकाऱ्यांपुढे फरफटत नेले. आरोप साधा नव्हता. कैसराविरुद्धचा, राजद्रोहाचा होता. अधिकाऱ्यांनी यासोनाकडून आणि त्याच्या सोबत्यांकडून जामीन घेतला व त्यांना सोडून दिले. एवढेच. परराष्ट्रीय अधिकाऱ्यांना जे सुचले ते आपल्याला सुचू नये? पुढे चोविसाव्या अध्यायात त्याच पौलाला कैसरियात फेलिक्स सुभेदाराने दोन वर्षे निकाल न देता कैदेत ठेवले. शास्त्रकार कारणही लिहून ठेवतो: फेलिक्सला पौलाकडून पैसे मिळण्याची आशा होती. नंतर आलेल्या फेस्ताला निदान एवढे तरी वाटले, की आरोप न सांगता कैद्याला वर पाठवणे अयोग्य आहे. ख्रिस्तसभेचा हा महान प्रेषित आजच्या भाषेत कच्चा कैदी होता. त्याच्या काही पत्रांना आपण कारागृहातील पत्रे म्हणतो आणि रविवारी वेदीवरून ती वाचतो.

फार दूर कशाला जावे? ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना अटक झाली. वय त्र्याऐंशी, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात अर्ज प्रलंबित असतानाच, ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. त्यांच्यावरचा कायदा निराळा होता, पण जामिनाच्या वाटेवर घातलेली धोंड त्याच खाणीतली. त्या आठवड्यात आमच्या सर्व धर्मग्रामांत मेणबत्त्या लागल्या होत्या. आरोपीला खटल्यापूर्वीच शिक्षा देणारा कायदा अन्यायाचा आहे, असे तेव्हा आपण म्हणालो. मग आता तसाच कायदा आणखी आवळून मागण्यासाठी आपणच निवेदन कसे लिहितो? की जामीन हा आपल्या माणसांसाठी हक्क आणि इतरांसाठी लाड आहे? पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये दंडविधानाच्या अभ्यासकांपुढे बोलताना, खटल्यापूर्वीच्या कैदेचा गैरवापर म्हणजे कायद्याच्या बुरख्याआड दिलेली शिक्षाच होय, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. तेच पोप, त्याच वर्षी अमली पदार्थांना ठाम नकार देणारे. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. आम्हालाही दिसत नाही.

चौथ्या मागणीऐवजी आम्ही निवेदनकर्त्यांना दुसरी मागणी सुचवली आहे. आमच्या जिल्ह्यातील अमली पदार्थांचे खटले चालवण्यासाठी पुरेशी विशेष न्यायालये व सरकारी वकील द्यावेत, प्रयोगशाळेचे अहवाल वेळेवर यावेत आणि अटकेपासून ठराविक मुदतीत निकाल लागावा. दोषी असेल तो लवकर दोषी ठरेल, म्हणजे ज्या आईबापांना न्याय हवा आहे त्यांनाही तो मिळेल. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या खटल्यात पंच फिरतात, साक्षीदार मरतात, अधिकारी निवृत्त होतात, आणि शेवटी खरा दोषीही सुटतो, याकडे ‘जामीन नको’ म्हणणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावे. ही मागणी निवेदनात घेतली जाईल की नाही, ते अद्याप ठरलेले नाही.

दरम्यान, ज्या घरांवर हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि तो कैद्याला कारागृहातूनही करता येतो. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाच्या अधीक्षकाने त्याच प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलेले आहे. कळवले नसेल तर घरच्यांनी विचारावे. आणि जामीनदार मिळत नसेल तर धर्मगुरूनिवासात यावे. आमच्या नावावर सातबारा नाही. पण कोणाकोणाच्या नावावर आहे, ते आम्हाला ठाऊक आहे.